मोर असलेलं रोमन चांदीचं नाणं: बाई कोण, देवी कोण?

तुमचा प्रश्न असा की नाण्याच्या दोन्ही बाजूंना बाई आहे, विकणारा दोन्ही देव्याच म्हणतोय, तर घ्यावं का.

देवी एकच आहे, मागच्या बाजूची. दर्शनी बाजूला जाड अंबाडा घातलेली बाई ती युलिया डोम्ना, रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची बायको. माहेर एमेसा, म्हणजे आजच्या सीरियातलं होम्स. बाप तिथल्या सूर्यमंदिराचा मुख्य पुजारी. कडेने 'युलिया ऑगस्टा' लिहिलंय ('ऑगस्टा' हा सम्राज्ञीचा किताब; यू अक्षर व्हीसारखं कोरायचे, म्हणून पटकन वाचता येत नाही). इ.स. 211 मध्ये सेव्हेरस गेला आणि मुलगा कॅराकॅला गादीवर आला, त्यानंतर तिच्या नावापुढे 'पिया फेलिक्स' लागतं. तुमच्यावर ते नाही, म्हणजे नाणं त्याआधीचं.

मागची उभी बाई देवी, आणि ती ओळखायची हातातल्या किंवा पायाशी असलेल्या वस्तूंवरून. पायाशी मोर आहे ना? मग युनो, देवांचा राजा ज्युपिटर याची राणी. सम्राटाची बायको देवांच्या राणीच्या जोडीला बसवली की तिचा मान वेगळा सांगावा लागत नाही. सफरचंद असेल तर व्हीनस, कणसं असतील तर सेरेस, सिंह असतील तर सिबिली. गंमत थोरल्या फॉस्टिनाची, म्हणजे आधीच्या सम्राट अँटोनिनस पायसच्या बायकोची: ती वारल्यावर तिला रीतसर देवी ठरवलं आणि 'दिवा फॉस्टिना' (लॅटिनमध्ये 'दिवा' म्हणजे देवी झालेली) अशी नाणी पुढे कित्येक वर्षं पाडली. तिथे मात्र दर्शनी बाजूची बाईही देवीच!

आता खरं-खोटं. सेव्हेरसने चांदीचा कस जवळजवळ निम्म्यावर आणला होता, त्यामुळे रंग जरा मळकट असला तरी बिचकू नका. वजन साधारण तीन ग्रॅमच्या आसपास हवं. कडेचा फोटो मागवा. ठशाने पाडलेल्या नाण्याची कड बऱ्याचदा तडकलेली असते. सलग शिवण किंवा बारीक बुडबुडे दिसले तर ओतीव, म्हणजे नकली. चिंचेने घासून बघायच्या फंदात पडू नका.

विकणाऱ्याचं 'आमच्या शेतात सापडलं' हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत बहुतेक नाणी ऑगस्टस आणि टायबेरियस या सेव्हेरसच्या सुमारे दोनशे वर्षं आधीच्या सम्राटांची, तीही मुख्यतः दक्षिणेत. सेव्हेरसच्या काळातली चांदी इथे क्वचितच. आणि खरंच जमिनीतून निघालं असेल तर 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार आधी कलेक्टरला कळवावं लागतं. खरेदीची पावती दाखवत नसेल तर पैसे देऊ नका.