मडक्याच्या तुकड्यावरून त्यात हजारो वर्षांपूर्वी काय शिजत होतं हे खरंच कळतं, की सगळे अंदाज?

कळतं, पण बातमीत छापून येतं तेवढं नाही. मी खापरांच्या रासायनिक तपासणीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यात बारीक छिद्रं असतात. रांधताना सुटलेली चरबी त्यांत मुरते. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं बहुतेक वेळा जमिनीत नष्ट होतात; चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून भांड्याच्या अंगात टिकून राहते. खापर वरून लख्ख दिसत असलं तरी आमचं काम अडत नाही. उलट वरचा थर आम्ही स्वतःच घासून टाकतो, मग साधारण २ ग्रॅमचा तुकडा कुटून त्यातली चरबी रसायनात उतरवतो आणि ती गॅस क्रोमॅटोग्राफमधून (घटक वेगळे करणारं यंत्र) मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (ते घटक ओळखणारं यंत्र) जाते. आलेखावर बहुधा दोन सुळके उंच येतात: १६ कार्बनचं पामिटिक आम्ल आणि १८ कार्बनचं स्टिअरिक. शेजारी थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन, दिसलं की ओळखावं, खापर प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. स्क्वॅलीन, म्हणजे माणसाच्या त्वचेवरचं तेलकट द्रव्य, दिसलं तर कुणीतरी उघड्या हातांनी हाताळलंय. (उत्खननावरच्या मंडळींना हात जोडून विनंती, अॅल्युमिनियम फॉइल वापरा.)

पण ही दोन आम्लं जवळजवळ प्रत्येक चरबीत असतात. मग दूध की मांस, हे कसं ठरवायचं? ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटाने याचं उत्तर कार्बनच्या समस्थानिकांत, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणात, शोधलं. रवंथ करणाऱ्या जनावराची कास स्टिअरिक आम्ल स्वतः तयार करू शकत नाही. चाऱ्यातल्या स्निग्धांशापासून पोटात बनलेलं आम्ल ती रक्तातून उचलते. अंगावरची चरबी मात्र ते बऱ्याच अंशी चाऱ्यातल्या कर्बोदकांपासून घडवते. वनस्पतींच्या स्निग्धांशात जड कार्बन कर्बोदकांपेक्षा कमी असतो, त्यामुळे दुधातलं स्टिअरिक हलकं निघतं. त्याच्या जड कार्बनच्या मूल्यातून पामिटिकचं वजा केलं आणि उत्तर उणे ३.३ प्रति हजारच्याही खाली गेलं, तर ती दुधाची चरबी.

मला सर्वांत आवडणारं उदाहरण पोलंडचं आहे. तिथल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत भोकं पाडलेली खापरं सापडत. पीटर बोगुकी यांनी १९८० च्या दशकातच म्हटलं होतं की ही चीज गाळायची भांडी असावीत. २०१२ मध्ये त्याच प्रकारच्या खापरांत दुधाची चरबी सापडली. वय सुमारे ७००० वर्षं. आकार आणि रसायन एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा वाद घालायला फारसं उरत नाही. गुजरातमधल्या कोटडा भाडली या हडप्पाकालीन वस्तीतल्या खापरांतही याच पद्धतीने दुधाचा पुरावा मिळाला. तो शोधनिबंध २०२० चा.

आता मर्यादा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यातला फरक या आकड्यांवरून कळत नाही. ‘गाईचं दूध’ अशी बातमी असेल तर ‘गाय’ हा भाग उत्खननात मिळालेल्या हाडांवरून आलेला असतो. शिवाय एका भांड्यात वर्षानुवर्षं नाना पदार्थ शिजतात आणि आमच्या हाती त्यांची मिसळ येते. दूध आणि डुकराची चरबी एकत्र मुरली तर आकडा चक्क शेळीच्या मांसासारखा येऊ शकतो. धान्य, डाळी, भाज्या यांत चरबी मुळातच कमी, त्यामुळे त्यांचा माग फारच पुसट लागतो. खापरात काहीच मिळालं नाही, याचा अर्थ भांडं कोरं होतं असा होत नाही. म्हणून ‘अमुक वर्षांपूर्वीची पाककृती सापडली’ असं कुणी म्हटलं की मी आधी किती खापरांत चरबी मिळाली आणि चरबी मातीतून तर आली नाही ना, यासाठी आजूबाजूची माती तपासली होती का, एवढं बघतो.

कालमापनाचं म्हणाल, तर २०२० मध्ये ब्रिस्टलच्याच गटाने ही दोन आम्लं वेगळी काढून थेट त्यांचं रेडिओकार्बन वय (किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून काढलेलं वय) काढून दाखवलं. त्यामुळे भांडं कधी वापरात होतं, हेही आता त्याच चरबीतून निघतं. फक्त त्यासाठी खापर बरंच जास्त कुटावं लागतं, आणि संग्रहालयवाले त्याला सहजी तयार होत नाहीत.