टास्क मॅनेजरमधल्या अनोळखी प्रोसेस कशा ओळखाव्यात, आणि त्या बंद कराव्यात का?

आपण लिहिले आहे की घरच्या विंडोज संगणकावर टास्क मॅनेजर (चालू असलेल्या प्रोग्रामांची, म्हणजे प्रोसेसची, यादी दाखवणारे साधन) उघडला असता एसव्हीसीहोस्ट या एकाच नावाच्या साठ-सत्तर नोंदी दिसतात, शिवाय ‘अपडेट सर्व्हिस’ अशा मोघम नावाची एक प्रोसेस मधूनच प्रोसेसरचा तिसरा हिस्सा खाते, तेव्हा या सगळ्यांवर ‘एंड टास्क’ दाबून मोकळे व्हावे का. ओळख पटेपर्यंत दाबू नये, असे माझे मत आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या लॅपटॉपवर असेच एक अनोळखी नाव पाहून ती प्रोसेस थांबवली आणि उत्साहाच्या भरात तिची फाइलही पुसून टाकली. दोन बोटांनी पान वरखाली सरकवणे बंद पडले, तेव्हा कळले की ती टचपॅडच्या ड्रायव्हरचाच एक भाग होती.

एसव्हीसीहोस्टच्या गर्दीला घाबरण्याचे कारण नाही. विंडोजच्या अनेक सेवा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून नव्हे, तर डीएलएल (स्वतःहून चालू न शकणाऱ्या कोडच्या) फाइलींच्या रूपात असतात आणि त्यांना चालण्यासाठी एक यजमान लागतो. तो यजमान म्हणजे एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एकाच यजमानाच्या पोटात दहा-बारा सेवा कोंबलेल्या असत आणि एक कोसळली की बाकीच्याही कोसळत. 2017 मध्ये आलेल्या विंडोज 10 च्या 1703 या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान मिळू लागला, म्हणून नोंदींची संख्या वाढली. ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये त्यांपैकी एकीवर राइट-क्लिक करून ‘गो टू सर्व्हिसेस’ निवडल्यास तिच्या आत कोणती सेवा चालू आहे ते लगेच दिसते. सिस्टिम आयडल प्रोसेसपुढे नव्वदच्या वरचा आकडा दिसला तर तो प्रोसेसर किती रिकामा आहे ते सांगतो, ही एक जाताजाता नोंद. त्या आकड्याने धास्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

खरी अडचण अशी की नाव हा कसलाच पुरावा नसतो, कारण आपल्या प्रोग्रामला कोणीही कोणतेही नाव देऊ शकतो. लॉगिन सांभाळणाऱ्या एलएसएएसएस या प्रोसेसच्या नावातील पहिल्या स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय टाकला तर पडद्यावर दोन्ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात, आणि ही युक्ती जुनी आहे. म्हणून मी नावाआधी पत्ता पाहतो. ‘डिटेल्स’मध्ये स्तंभांच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘इमेज पाथ नेम’ (फाइलीचा पत्ता) आणि ‘कमांड लाइन’ (प्रोसेस ज्या आदेशाने सुरू झाली तो) हे दोन स्तंभ चालू करावेत. खरा एसव्हीसीहोस्ट सामान्यतः विंडोज फोल्डरातील सिस्टिम32 मध्येच राहतो, आणि त्याच्या कमांड लाइनमध्ये हायफन, के हे अक्षर आणि त्यापुढे सेवांच्या गटाचे नाव असते. हेच नाव डाउनलोड्समधून किंवा तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प फोल्डरातून चाललेले दिसले, तर संशयाला भक्कम आधार मिळाला असे समजावे. उलट बाजूही लक्षात ठेवावी, कारण केवळ सिस्टिम32 च्या बाहेर असणे हा काही गुन्हा नव्हे. विंडोज डिफेंडरचे मुख्य इंजिन सहसा प्रोग्रामडेटा फोल्डरातून चालते, आणि कित्येक सज्जन प्रोग्राम वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात मुक्काम करतात.

पत्त्यानंतर सही (फाइल कोणत्या कंपनीची आहे याची डिजिटल खूण) आणि जनक (ही प्रोसेस सुरू करणारी प्रोसेस) पाहावा. ‘ओपन फाइल लोकेशन’ने मूळ फाइल गाठून तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब आहे का ते पाहता येते. मात्र विंडोजच्या स्वतःच्या अनेक फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉग फाइलीत ठेवलेली असल्यामुळे तिथे हा टॅब दिसत नाही आणि माणूस उगाच बिचकतो. या कामासाठी मला मार्क रुसिनोविच यांचे प्रोसेस एक्सप्लोरर हे मोफत साधन टास्क मॅनेजरपेक्षा कितीतरी सोयीचे वाटते, पण ते मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स पानावरूनच उतरवून घ्यावे. त्यात प्रोसेस वंशवृक्षासारख्या मांडलेल्या असतात, त्यामुळे कोणी कोणाला सुरू केले ते एका नजरेत कळते. एसव्हीसीहोस्टचा जनक सर्व्हिसेस नावाची प्रोसेस असायला हवी. तो एखाद्या वर्ड फाइलच्या किंवा ब्राउझरच्या पोटी जन्मलेला दिसला, तर काहीतरी बिनसले आहे. याच साधनातून सह्या पडताळता येतात आणि फाइलीचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा क्रमांक) व्हायरसटोटल या संकेतस्थळाकडे पाठवून अनेक अँटिव्हायरस इंजिनांचे मत एकदम मिळवता येते. सत्तरेक इंजिनांपैकी एकदोघांनीच बोट दाखवले तर तो बहुधा गैरसमज असतो, पण वीस-पंचवीस जणांचे एकमत झाले तर वाद घालू नये. प्रोसेसचे नाव शोधल्यावर सर्वांत वर येणाऱ्या ‘ही फाइल धोकादायक आहे का’ छापाच्या पानांवर मात्र मी विसंबत नाही, कारण त्यांतल्या बऱ्याच पानांचा शेवट रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारा प्रोग्राम गळ्यात मारण्यात होतो.

भार केव्हा वाढतो हेही पाहावे. विंडोज अपडेटनंतर ते अपडेट बसवणारा टीआयवर्कर, आणि बऱ्याच नव्या फाइली संगणकावर टाकल्यावर शोधासाठी त्यांची सूची करणारा सर्च इंडेक्सर काही काळ प्रोसेसर वापरतात आणि आपोआप शांत होतात. पंखा जोरात फिरत असताना टास्क मॅनेजर उघडताच भार एकाएकी ओसरत असेल आणि हे वारंवार घडत असेल, तर चोरून क्रिप्टो चलन खणणाऱ्या प्रोग्रामची शंका घ्यावी, कारण त्यांतले काही टास्क मॅनेजर दिसताच दडी मारतात.

आता आपल्या ‘अपडेट सर्व्हिस’विषयी. तिचा पत्ता आपण मुळीच वापरत नसलेल्या एखाद्या जुन्या प्रिंटरच्या किंवा खेळाच्या फोल्डरात निघाला आणि सही जागेवर असली, तर तो प्रोग्राम ‘सेटिंग्ज’मधून रीतसर अनइन्स्टॉल करावा. पत्ता टेम्पमधला आणि सही गायब असेल, तर आधी सिसइंटर्नल्सच्याच ऑटोरन्स या साधनात (संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत) तिच्या नोंदीपुढची खूण काढावी. खूण काढणे परतवता येते, पुसणे येत नाही. मग संगणक रीस्टार्ट करून दोन दिवस पाहावे. ती खूण आपोआप परत आली, तर विंडोज सिक्युरिटीतील ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. त्यात संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे दडून बसलेल्या प्रोग्रामला आडकाठी करता येत नाही. त्यात काही सापडलेच, तर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत, पण या संगणकावरून नव्हे, दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून.