मेंदूचा संबंध तुटल्यावरही मांजराचे पाय चालण्याची हालचाल कशी करतात?

कारण चालण्याची मूळ लय मज्जारज्जूतच तयार होते. मेंदू ती सुरू करतो, वेग बदलतो, दिशा देतो. पण प्रत्येक पावलाचा हुकूम वरून येत नाही.

१९११ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ टी. ग्रॅहम ब्राऊन यांनी मांजराचा मज्जारज्जू कापला आणि पायांकडून संवेदना आणणाऱ्या चेतातंतूंची मुळेही तोडली. तरीही पाय वाकवणारे आणि ताणणारे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावत राहिले. चालणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी असती, तर हे घडलेच नसते. म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

त्यांनी मांडलेली कल्पना अशी: चेतापेशींचे दोन गट एकमेकांना दाबतात. एक सक्रिय असताना दुसरा गप्प. पहिला थकला की दुसरा उसळतो. एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालणाऱ्या दोघींसारखे. प्रत्यक्षातले चेतापेशींचे जाळे याहून बरेच गुंतागुंतीचे आहे, पण गाभा हाच.

डाव्या-उजव्या पायांचा मेळ मज्जारज्जूची मधली रेषा ओलांडणाऱ्या पेशी घालतात. त्यांपैकी 'व्ही झीरो' नावाच्या पेशी काढून टाकलेले उंदीर चालायचे सोडून सशासारखे दोन्ही पाय एकदम टाकत उड्या मारतात, हे २०१३ साली दिसले.

संवेदनाही बिनकामाच्या नाहीत. पाय मागे ताणला गेला आणि त्यावरचा भार हलका झाला, की तो उचलण्याची वेळ झाल्याचे जाळ्याला कळते. खाचखळग्यांच्या वाटेवर पाऊल सावरते ते त्यामुळेच. माणसात मात्र तोल आणि चाल मेंदूवर मांजरापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून असते.