सॅक कुणाच्या खात्यावर? नवा क्वार्टरबॅक आणि त्याच्यापुढचे पाच जण

अमेरिकन फुटबॉलवरून तुम्ही कळवलेला तुमच्या घरातला वाद बऱ्याच घरांत दर रविवारी होत असणार. टीमने ड्राफ्टच्या (कॉलेजमधून नवे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, घेतला, आणि पोरगा दर सामन्यात चार-पाचदा सॅक होतोय, म्हणजे बॉल फेकायच्या आतच आडवा होतोय. मुलगा म्हणतो ओ-लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पाच जणांची भिंत, भंगार आहे, तुम्ही म्हणता हा बॉल वेळेवर सोडतच नाही. वर तुमचा दुसरा प्रश्न: अशा पोराला वर्षभर बाकावर बसवावं का?

दोघंही थोडे थोडे बरोबर आहात असं म्हणून मला सटकता येईल, पण या बाबतीत माझं मत जरा ठाम आहे. नव्या पोराला या भिंतीच्या कडेच्या दोन टॅकलपेक्षा मधल्या तिघांची, म्हणजे सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड यांची, गरज जास्त असते. टीम मात्र आधी डाव्या टॅकलमागे धावतात आणि मधल्या जागा उरल्यासुरल्या पैशांत भरतात.

एकच प्ले डोळ्यांसमोर आणा. तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा), अजून आठ यार्ड जायचंय. समोर सहा जण रेषेवर येऊन उभे. त्यातले येणार चार की सहाच्या सहा, हे स्नॅप होईपर्यंत, म्हणजे सेंटर बॉल मागे क्वार्टरबॅककडे देईपर्यंत, कळत नाही. सेंटर वाकलेल्या अवस्थेतच बोट दाखवून समोरच्या एका लाइनबॅकरला (डिफेन्सच्या पुढच्या रांगेमागचा खेळाडू) 'माइक' ठरवतो, आणि त्यावरून पाच जणांत कुणी कुणाला घ्यायचं ते ठरतं. आता सहा आले आणि अडवायला पाचच असले, तर सहावा क्वार्टरबॅकच्या वाट्याचा. त्याला कुणी हात लावणार नाही, कारण आखणीच तशी आहे. तो पोचायच्या आत बॉल 'हॉट' रूटवर गेला पाहिजे, म्हणजे ब्लिट्झ (जादा माणसांनी क्वार्टरबॅकवर घातलेली धाड) दिसताच जो रिसिव्हर, म्हणजे फेक झेलणारा, धाव आखडती घेऊन वळतो त्याच्याकडे. नव्या पोराच्या हे लक्षात येईस्तोवर अर्धा सेकंद जातो, आणि हाताशी असतात एकूण अडीच सेकंद. टीव्हीवर आपल्याला दिसतं ते एवढंच, की एक जण मोकाट आला आणि पोराला उताणं पाडलं. मग सगळं घर ओ-लाइनला शिव्या घालतं.

आता मधल्या तिघांचं का म्हणतो ते सांगतो. कडेने येणाऱ्या रशरला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला, टॅकलला वळसा घालून यावं लागतं. टॅकल थोडा हरला तरी त्याला रेटत मागे नेतो आणि क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकला की रशर पाठीमागून निघून जातो. ते पाऊल टाकायला पुढे जागा असली म्हणजे झालं. गार्ड मागे ढकलला गेला की ती जागाच संपते. पाय थांबतात, फेक मागच्या पायावरून होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नजर रिसिव्हरवरून उतरून समोरच्या गर्दीवर येते. मुरलेला क्वार्टरबॅक अशा वेळी बॉल बाहेर तरी फेकतो. नवा पोरगा गर्रकन फिरून मागे पळतो आणि सात यार्डांचा तोटा पंधरावर नेतो. कॉलेजात तो असाच पळून सुटायचा, कारण तिथले रशर एवढे वेगवान नव्हते.

इतिहासातलं सर्वांत भयंकर उदाहरण ह्यूस्टनचं. 2002 मध्ये टेक्सन्स ही नवी कोरी टीम. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने डेव्हिड कार घेतला. त्याआधी एक्स्पान्शन ड्राफ्टमध्येही (नव्या टीमला इतर टीमांचे खेळाडू निवडू देतात तो) पहिली निवड टॅकलचीच, टोनी बोसेली, त्या काळातला नामांकित माणूस. खांद्याच्या दुखण्यामुळे तो टेक्सन्ससाठी एकही डाउन खेळला नाही. सगळी मदार एका टॅकलवर, आणि तोच गळाला. कारने पहिल्याच सामन्यात डॅलसला 19-10 ने हरवलं, गावात दिवाळी झाली, आणि पुढे त्या हंगामात तो 76 वेळा सॅक झाला. हा विक्रम अजून मोडलेला नाही. 2005 मध्ये पुन्हा 68. या पोरात दम नव्हता असं मला कधीच वाटलं नाही, पण पाच वर्षं असा मार खाल्ल्यावर कुणीही बॉल हातात येताच आधी मागे बघायला लागेल.

याच्या उलट डॅलस. 2013 मध्ये काउबॉईजनी पहिल्या फेरीत सेंटर घेतला, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, 31वा. तेव्हा टीव्हीवरच्या पंडितांनी तोंड वाकडं केलं होतं, सेंटर इतक्या लवकर कोण घेतो म्हणून. पुढच्या वर्षी 16व्या क्रमांकावर जॉनी मॅन्झेल हा कॉलेजचा लाडका क्वार्टरबॅक हाताशी असताना गार्ड घेतला, झॅक मार्टिन. मालक जेरी जोन्सचा जीव मॅन्झेलमध्ये अडकला होता हे जगजाहीर आहे. डावा टॅकल टायरन स्मिथ 2011 पासून होताच. मग 2016 मध्ये टोनी रोमोची पाठ सरावाच्या सामन्यातच गेली आणि चौथ्या फेरीतला, 135वा निवडलेला डॅक प्रेस्कॉट उभा राहिला. 13 विजय, 3 पराभव, पूर्ण हंगामात 25 सॅक. इझेकिएल एलियट त्याच वर्षी रुकी (पहिल्याच हंगामातला खेळाडू) म्हणून बॉल घेऊन 1,631 यार्ड धावला. पळण्याचा खेळ चालला की समोरच्याला डोळे मिटून ब्लिट्झ करता येत नाही, हा ओ-लाइनचा दुसरा फायदा आपण विसरतो. 2004 चा पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गरही असाच. तोही बदली म्हणून आला आणि सेंटर जेफ हार्टिंग्ज व गार्ड अ‍ॅलन फनेका यांच्यामागे साखळीत सुरुवातीपासून खेळलेले 13 च्या 13 सामने जिंकला. आणि तो बॉल धरून ठेवण्यात एक नंबर होता बरं का.

आता तुमच्या बाजूचं. सॅक हा बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकचाच आकडा आहे. पेटन मॅनिंग 1998 मध्ये नवा होता तेव्हा त्याने 28 इंटरसेप्शन (समोरच्या टीमने झेललेल्या फेका) दिले, रुकीचा विक्रम, टीम 3-13. पण सॅक किती? फक्त 22. चूक करायची तर हात रिकामे करून करायची, हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं. दुसरीकडे रसेल विल्सन: सिएटलमध्येही भरपूर सॅक, डेन्व्हरला गेल्यावर 2022 मध्ये 55. ओ-लाइन बदलली, कोच बदलले, सवय बदलली नाही.

याहून स्पष्ट दाखला 2024 च्या कॅरोलायनाचा. ब्राइस यंग 2023 मध्ये रुकी म्हणून 62 वेळा सॅक झाला होता. टीमने पुढच्या वर्षासाठी दोन महागडे गार्ड आणले, रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस. तरी पहिले दोन सामने इतके वाईट गेले की त्याला बसवलं आणि 36 वर्षांच्या अँडी डाल्टनला उतरवलं. त्याच ओ-लाइनमागे डाल्टनने लास व्हेगसमध्ये रेडर्सना 36-22 ने हरवलं, 300 च्या वर यार्ड, तीन टचडाउन. ज्या खेळपट्टीवर नवा ओपनर चाचपडतोय तिथेच जुना माणूस निवांत पन्नास करून गेला, तसा प्रकार. म्हणजे गार्डांवरचा पैसा वाया गेला का? नाही. काही आठवड्यांनी यंग परत आला तेव्हा बॉल लवकर सोडत होता, पुढे पाऊल टाकत होता, आणि ते पाऊल टाकायला जागा होती.

शिकागो बेअर्सवर मी जरा जास्त लिहितो, कारण तिथे सगळे पैलू एकाच पोरात दिसले. केलेब विल्यम्स, 2024, पहिला क्रमांक, 68 सॅक. नोव्हेंबरात न्यू इंग्लंडने सोल्जर फील्डवर एकाच दुपारी नऊ वेळा पाडला, बेअर्स 19-3 ने हरले आणि दोन दिवसांत ऑफेन्सच्या कोऑर्डिनेटरची, म्हणजे आक्रमणाची आखणी करणाऱ्या कोचची, उचलबांगडी झाली. त्या दिवशी बेअर्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते, तेव्हा माझा 'मधले तिघे' सिद्धांत तिथे थोडा लंगडतो, कबूल. पण त्याच महिन्यातला थँक्सगिव्हिंगचा डेट्रॉइटचा सामना आठवा. तीन गुणांची पिछाडी, अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ, एक टाइमआउट शिल्लक. केलेब सॅक झाला. बॉल बाहेर फेकून देता आला असता. नंतर घड्याळ पळतंय, कोच बघतोय, टाइमआउट कुणी मागितलाच नाही. एक लांब फेक जमिनीवर, सामना 23-20 ने गेला, दुसऱ्या दिवशी हेड कोच एबरफ्लुसची गच्छंती. या एका सॅकमध्ये ओ-लाइन, पोरगा आणि कोच तिघांचाही वाटा आहे, आणि स्टॅटच्या रकान्यात तो एकट्या केलेबच्या नावावर लिहिलाय.

नंतर बेअर्सनी काय केलं ते बघा. बेन जॉन्सन कोच आणला, आणि 2025 च्या हंगामाआधी मधल्या तिन्ही जागा बदलल्या: सेंटर ड्रू डालमन, गार्ड जो थूनी आणि जोना जॅक्सन. सॅक 68 वरून 24 वर आले, टीमने डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. यात जॉन्सनच्या प्ले-अ‍ॅक्शनचा (बॉल घेऊन पळणार असं भासवून फेकण्याचा) हात मोठा आहेच. पण तेही मधली भिंत उभी असेल तरच चालतं, कारण प्ले-अ‍ॅक्शनमध्ये क्वार्टरबॅक क्षणभर डिफेन्सकडे पाठ करतो.

आता बाकावर बसवण्याचं. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स 2017 मध्ये अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला, एकच सामना सुरुवातीपासून खेळला, हे उदाहरण सगळे देतात. पण स्मिथसारखा धीराचा शिक्षक आणि अँडी रीडसारखा कोच किती जणांकडे असतो? बसून ब्लिट्झ ओळखायला येतो थोडाफार, अर्ध्या सेकंदात बॉल सोडायला येत नाही. त्यामुळे माझा निकष सेंटरचा. सेंटर मुरलेला असेल, माइक तो ठरवत असेल, तर पोराला खुशाल खेळवा, मार खाईल पण शिकेल. सेंटरही नवा आणि गार्ड दर आठवड्याला बदलतायत, तर 2024 च्या न्यू इंग्लंडसारखं करा. त्यांनी ड्रेक मेला सहाव्या आठवड्यापर्यंत राखून ठेवला आणि तोवर जकोबी ब्रिसेटला पुढे केलं. ओ-लाइन एकदम जुळत नाही, हंगामात पॅड घालून सराव मोजकेच करता येतात. ऑक्टोबरआधी कुठल्याही ओ-लाइनवर अंतिम निकाल देऊ नये, असं माझं मत.

मुलाशी पुन्हा जुंपली तर रीप्लेमध्ये रशर बघू नका, डावा-उजवा गार्ड बघा. बॉल सुटायच्या आत तो दोन यार्ड मागे आलेला दिसला तर मुलगा जिंकला. गार्ड जागेवर आहे, रिसिव्हर वळून उभा आहे आणि बॉल अजून हातातच, तर चहा मुलाने करायचा.