अंडं काही केल्या तरंगेना!

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, तिला वर्गात अंडं तरंगवून दाखवायचंय. आम्ही पातेलंभर पाण्यात चार चमचे मीठ टाकून बघितलं तर अंडं आपलं तळाशीच. सासूबाई म्हणतात, गावाला पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात तेव्हा पोचट दाणे लगेच वर येतात, मग अंडं का येत नाही? एवढं काय जड असतं ते?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, मीठ कमी पडलं, बाकी काही नाही. पातेलं राहू द्या, काचेचा ग्लास घ्या, त्यात साधारण 200 मिली पाणी आणि चहाच्या चमच्याने पाच चमचे बारीक मीठ, म्हणजे अंदाजे 30 ग्रॅम. नीट ढवळा, तळाशी मीठ दिसत असेल तर ते अजून कामाला लागलेलं नाही असं समजा. पाणी जरा गढूळ दिसेल, चालतं. आता अंडं चमच्याने अलगद सोडा. नाहीच वर आलं तर अजून एक चमचा घाला.

आता जडपणाचं. अंडं जड की हलकं हा प्रश्नच नाही, अंड्याएवढ्याच जागेत मावणारं पाणी अंड्यापेक्षा जड आहे का, हे बघायचं. ठरावीक जागेत किती वजन मावतं, यालाच घनता म्हणतात. साधं पाणी 1 मिलीला 1 ग्रॅम, ताजं अंडं 1.08 ग्रॅमच्या आसपास, म्हणून बुडतं. ग्लासात मीठ विरघळलं की पातळी किंचितच वर येते पण वजन मात्र 30 ग्रॅमनी वाढतं, आणि पाणी 1.09 पर्यंत गेलं की अंडं वर. फरक बघा किती बारीक आहे, म्हणून तर तुमचं थोडक्या मिठात जमलं नाही.

सासूबाईंचं अगदी बरोबर आहे. पण बियाण्याच्या पाण्यात 10 लिटरला 300 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे 3 टक्के. त्याची घनता 1.02 च्या आसपास, त्यात पोचट दाणे वर येतात आणि भरलेले बुडतात, तेच तर हवं असतं. त्या पाण्यात ताजं अंडं टाकलंत तर तेही बुडणारच! (नंतर ते बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत सुकवतात, मीठ राहिलं तर उगवण बिघडते.)

अंडं मात्र ताजंच घ्या. जुन्या अंड्यातलं पाणी कवचाच्या बारीक छिद्रांतून उडत जातं, जाड टोकाची हवेची पोकळी वाढते, आकार तेवढाच राहून वजन कमी होतं आणि असं अंडं कधीकधी साध्या पाण्यातच तरंगायला लागतं, मग वर्गात काय दाखवणार?

आणि खरी मजा पुढे आहे, मला तर हाच भाग जास्त आवडतो. उंच ग्लास घेऊन अर्ध्यापर्यंतच मिठाचं पाणी भरा, अंडं तरंगू द्या, मग चमचा ग्लासाच्या कडेला टेकवून त्यावरून साधं पाणी अगदी हळू, धार न पडता सोडा. हलकं पाणी वरच राहतं आणि अंडं मधोमध लटकतं, ना वर ना खाली. घाई केली की दोन्ही पाणी मिसळतं आणि अंडं बुडतं, त्यामुळे पाणी तुम्ही ओता, बोलायचं काम मुलीकडे द्या.