खिडकीच्या अगदी जवळ पक्ष्यांसाठी दाणे ठेवले, तर ते काचेवर आदळतील का?

बागेतल्या पक्ष्यांसाठी दाणे खिडकीपासून किती अंतरावर ठेवावेत, फार जवळ ठेवल्यास ते काचेवर आदळून मरतील का आणि आयत्या अन्नाची सवय लागून ते परावलंबी होतील का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोरच्या खिडकीबाहेर बऱ्याच वर्षांपासून दाणापात्र आहे आणि या विषयावरचे संशोधनही मी आवडीने वाचत आलो आहे, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

दाणे जितके जवळ तितका धोका जास्त, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. दाणापात्र काचेपासून एक मीटरच्या आत असावे, काचेलाच किंवा खिडकीच्या चौकटीला लावता आले तर आणखी चांगले. पक्ष्याला काच दिसत नाही. तिच्यात उमटलेले झाड आणि आकाश त्याला खरे वाटते, किंवा समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधून पलीकडचा उजेड दिसला, की तिथून आरपार जाता येईल असा त्याचा समज होतो. दाणे टिपताना शिकारी पक्ष्याची किंवा मांजराची चाहूल लागली, की सगळा थवा एकदम फुटतो आणि त्यातला एखादा काचेच्या दिशेने उडतो. एक मीटरच्या आतून निघालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. तो आदळला तरी बहुधा झटका खाऊन उडून जातो. पाच ते दहा मीटरवरून निघालेला पक्षी मात्र पूर्ण वेगाने येतो. काचेवर आदळणाऱ्या पक्ष्यांचा दीर्घकाळ अभ्यास केलेले अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाणापात्रे वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून हे तपासले होते, आणि एक मीटरवर जीवघेण्या धडका सर्वांत कमी होतात असे त्यांना आढळले. त्यामुळे ‘सुरक्षित असावे म्हणून जरा लांब’ ठेवलेले दाणापात्रच बहुतेक वेळा घातक अंतरावर असते.

हा धोका किरकोळ नाही. इमारतींवर आदळून एकट्या अमेरिकेत दरवर्षी साधारण ३६.५ कोटी ते सुमारे १०० कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातले जवळपास ४४ टक्के मृत्यू एक ते तीन मजली घरांवर होतात, म्हणजे दोष केवळ काचेच्या उंच मनोऱ्यांचा नव्हे. म्हणून दाणापात्र जवळ आणल्यावरही काच पक्ष्याला दिसेल अशी करणे आवश्यक आहे, कारण दाण्यांकडे येणारे पक्षी दुरूनच येत असतात आणि घराला इतरही खिडक्या असतात. ससाण्याची एकच काळी आकृती काचेच्या मधोमध चिकटवण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे, पण त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. पक्षी त्या आकृतीला घाबरत नाही, फक्त तिच्या बाजूने जाऊ पाहतो, आणि बाजूला काचच असते. ठिपके किंवा पट्टे संपूर्ण काचेवर हवेत, त्यांच्यातले अंतर पाच सेंटिमीटरांहून जास्त नसावे, आणि ते बाहेरच्या बाजूने लावावेत. आतून लावलेल्या खुणा प्रतिबिंबाखाली झाकल्या जातात. बाहेरून ताणून बसवलेली बारीक जाळीही उत्तम काम करते. खिडकी दिसायला थोडी बिघडते, हे मान्य आहे.

इतके करूनही एखादा पक्षी आदळून खाली पडलाच, तर त्याला पाणी पाजू नये आणि हातात धरून कुरवाळत बसू नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावे. तासा-दोन तासांत तो सावरला, तर बाहेर नेऊन सोडावे. नाही सावरला, तर वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यावे, कारण आतल्या इजा बाहेरून दिसत नाहीत.

आपण विचारले नाही, पण माझ्या मते काचेइतकाच गंभीर प्रश्न स्वच्छतेचा आहे. एरवी विखरून चरणारे पक्षी दाणापात्रावर एकाच जागी चोच घालतात, तिथेच विष्ठा टाकतात, आणि आजारी पक्ष्याच्या लाळेने ओले झालेले दाणे दुसरा उचलतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली, आणि बागांतल्या दाणापात्रांवरून तो पसरण्यास मदत झाली असे मानले जाते. सपाट ताटल्यांपेक्षा नळीसारखे किंवा जाळीचे दाणापात्र मी पसंत करतो, ते याच कारणाने: त्यात दाण्यांवर विष्ठा पडत नाही. आठवड्यातून एकदा तरी पात्र रिकामे करून गरम पाणी आणि साबणाने घासावे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात बुडवून ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा भरू नये. पाण्याचे भांडे रोज बदलावे. पिसे फुलवून सुस्त बसलेला, गिळताना अडखळणारा किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसला, तर किमान दोन आठवडे दाणे बंद करावेत, म्हणजे पक्षी पांगतात. आपल्याला चुकल्यासारखे होते, तरी दाणे ठेवत राहणे हीच त्या वेळी क्रूरता ठरते.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सूर्यफुलाच्या बिया आणि बारीक तृणधान्ये बहुतेक दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना चालतात. शेंगदाणे बिनमिठाचे आणि बुरशी नसलेलेच हवेत, आणि पिलांच्या दिवसांत अख्खे देऊ नयेत, कारण ते पिलांच्या घशात अडकू शकतात. पावाने पोट भरते पण पोषण होत नाही. खारट पदार्थ आणि दूध टाळावे. दिवसभरात संपेल इतकेच ठेवावे, म्हणजे खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येत नाहीत. मांजर दबा धरू शकेल असे दाट झुडूप किंवा तिला उडी मारता येईल असा कठडा मात्र दाणापात्राला लागून नसावा.

नव्या वस्तूला पक्षी बिचकतात, त्यामुळे पहिले काही दिवस, कधी काही आठवडेही, कोणी फिरकले नाही तरी जागा बदलू नये. त्यांना काचेमागच्या माणसापेक्षा त्याच्या हालचालींची भीती अधिक वाटते. एक पातळ पडदा अर्धवट ओढला तरी पुष्कळ फरक पडतो. विणीच्या काळात एखादा नर काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून चोची मारत राहिला, तर तेवढी काच बाहेरून काही दिवस झाकावी.

राहिला परावलंबनाचा प्रश्न. मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ब्लॅक-कॅप्ड चिकडी या छोट्या पक्ष्यावर केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे दाणे मिळत असलेल्या ठिकाणचे दाणे काढून घेतल्यावर तिथले पक्षी, दाणे कधीच न मिळालेल्या पक्ष्यांइतकेच हिवाळ्यात तगले. दाणापात्र असतानाही ते बहुतांश अन्न रानातूनच मिळवत होते. हा एका जातीचा अभ्यास आहे, तरी आपली मुख्य काळजी त्याने दूर व्हावी. कडाक्याच्या थंडीत मात्र अचानक खंड पाडू नये असे मी सुचवेन, कारण अशा दिवसांत लहान पक्ष्याला रात्र काढण्यापुरती चरबी त्याच दिवशी साठवावी लागते. एरवी आपण गावाला जाणार असाल, तर दाणापात्र रिकामे करून, धुऊन, आत ठेवून निर्धास्तपणे जावे.