फ्लॅग बरोबर देऊनही पाय झिरोवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' का येतं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: उबंटूच्या लॅपटॉपवर आर्मएचएफच्या क्रॉस जीसीसीने (लॅपटॉपवरच आर्म प्रोसेसरच्या बोर्डासाठी प्रोग्राम बनवणारा कंपायलर) बनवलेला, जमिनीतला ओलावा मोजणारा प्रोग्राम रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणक-बोर्डावर नीट चालतो. पाय झिरो डब्ल्यूवर मात्र सुरू होताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' (प्रोसेसरला न कळणारी सूचना) म्हणून बंद पडतो, कोणत्या प्रोसेसरसाठी कोड काढायचा ते सांगणारा एमसीपीयूचा फ्लॅग देऊनही. मी रावेर तालुक्यात केळीच्या बागांना ठिबकचे व्हॉल्व्ह चालवायला हेच बोर्ड लावतो. भर मे महिन्यात एका बागेचं पाणी दोन दिवस याच चुकीमुळे चुकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

घोळ नावात आहे. झिरोचा प्रोसेसर एआरएमव्ही६ या जुन्या जातीचा, त्याला नव्या एआरएमव्ही७ च्या सगळ्या सूचना कळत नाहीत. डेबियन आणि उबंटू 'आर्मएचएफ' म्हणतात तेव्हा त्यांना एआरएमव्ही७ अपेक्षित असतं. ३२ बिटांचं रास्पबेरी पाय ओएस तेच नाव एआरएमव्ही६ साठी वापरतं. पाय ३ ला दोन्ही समजतं, त्यामुळे तिथे ही चूक दिसत नाही.

आता फ्लॅग. तो फक्त तुमच्या सी फायलींना लागतो. मेन सुरू होण्याआधी चालणारा तुकडा, सीआरटी१, आणि लिबजीसीसी ही जीसीसीची मदतनीस लायब्ररी, हे टूलचेनसोबत (कंपायलर आणि त्याची साधनं) तयार येतात, एआरएमव्ही७ साठी आधीच कंपाइल होऊन. ते तसेच जोडले जातात. म्हणून तुमची पहिली प्रिंटएफसुद्धा (स्क्रीनवर छापणारी ओळ) दिसत नाही.

'फाइल' कमांडवर विसंबू नका. ती व्ही६ आणि व्ही७ अशा दोन्ही बायनरींना (तयार प्रोग्रामना) '३२-बिट, आर्म, ईएबीआय५' एवढंच म्हणते. रीडएल्फ ही बायनरी तपासणारी कमांड कॅपिटल ए लावून चालवा आणि 'टॅग सीपीयू आर्च' ही ओळ बघा. लिंकर (सगळं जोडून बायनरी बनवणारा) तिथे सगळ्या तुकड्यांतली वरची आवृत्ती लिहितो. तुमच्या ओ फाइलवर (तुमच्या कोडचा जोडण्याआधीचा तुकडा) व्ही६ आणि शेवटच्या बायनरीवर व्ही७ दिसलं, तर दोष टूलचेनचा, तुमच्या कोडचा नाही. ('एक्झेक फॉरमॅट एरर' हा वेगळा आजार, तिथे इंटेलची किंवा ६४ बिटांची बायनरी पोचलेली असते.)

मला सोपा वाटलेला उपाय: झिरोचं एसडी कार्ड काढून पाय ३ मध्ये घाला आणि तिथेच कंपाइल करा. त्या ओएसचं जीसीसी मुळातच एआरएमव्ही६ साठी कोड काढतं. फक्त 'मार्च नेटिव्ह' हा फ्लॅग (ज्या मशीनवर कंपाइल होतंय तिच्यासाठीच कोड काढ) कुठे लिहिलेला असेल तर काढा, नाहीतर पाय ३ च्या प्रोसेसरप्रमाणे कोड निघेल. झिरोवरही कंपाइल होतं, पण एकच कोर आणि ५१२ एमबी रॅम, वेळ फार जातो. लॅपटॉपवरच करायचं असेल तर क्रॉसटूल-एनजी या टूलचेन बांधणाऱ्या साधनाने एआरएमव्ही६, व्हीएफपी, हार्ड-फ्लोट (दशांशाची आकडेमोड प्रोसेसरमध्येच) अशी टूलचेन बांधा.

कंपायलर बदलला की बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवा. सीमेक (बिल्डची तयारी करणारं साधन) जुना कंपायलर कॅशमध्ये धरून ठेवतं. आणि बोर्ड बागेत नेण्याआधी प्रोग्राम हाताने एकदा चालवून बघा. माझ्याकडे सिस्टीमडी (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू ठेवणारी व्यवस्था) तो पुन्हा पुन्हा उठवत राहिला, बोर्डाचा दिवा हिरवा दिसत होता, आणि व्हॉल्व्ह उघडलाच नाही.